व्याजावर गा, मुद्दलाला हात लावू नकोस

पत्र:

"डिअर टीचर, मी २४ वर्षांची आहे, वसईला राहते, बी.कॉम. झालंय. आठ वर्षांची असल्यापासून चर्चच्या कॉयरमध्ये गाते, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांच्या आठही ग्रेड झाल्या, मागच्या वर्षी त्यापुढचा एटीसीएल डिप्लोमा पण पास झाले. माझा आवाज सोप्रानो, म्हणजे बायकांमधला सगळ्यात वरचा, आहे असं माझ्या बांद्र्याच्या मॅडम म्हणतात, त्यांच्याकडे मी रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की जाते. दोन वर्षांपासून मीरा रोडच्या एका शाळेत वेस्टर्न म्युझिक शिकवते, आठवड्याला २८ पिरियड, शिवाय घरी संध्याकाळी पाच मुलं येतात आणि शनिवारी लग्नाच्या मिस्सा असतात. गेले चार महिने संध्याकाळी वरचे सूर लागत नाहीत, मध्येच आवाज फाटतो, सकाळीही घोगरा असतो. एक स्पर्धा आहे, मैत्रिणी म्हणतात टॉस्का या ऑपेरातली अरिया, म्हणजे एकटीने गायचं गाणं, गा, जज खूश होतील. डॅडी म्हणतात शाळेत पर्मनंट हो, बी.एड. कर. मला वाटतं सगळं सोडून लंडनला अप्लाय करावं. नातेवाईक म्हणतात हे किंचाळणं इथे ऐकणार कोण. टीचर, शिकवायला लागलं म्हणजे गायिका म्हणून आपण संपलो का?"

– वसईची सोप्रानो

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच जागी अडले. लंडन, डॅडी, स्पर्धा, नातेवाईक यांच्यावर तू भरभरून लिहिलंयस, आणि "चार महिने घोगरा" हे मात्र असं पटकन सांगून पुढे गेलीस जणू काही ते हवामानाचं आहे. तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे, आणि ते का ते मी सांगणारच आहे, पण आधी गळ्याचं बघू.

आवाज दोन-तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं असतं, तुझे चार महिने झालेत. नुसता टॉर्च घालून "लाल दिसतंय, गुळण्या करा" म्हणणाऱ्याकडे नको जाऊस, जिथे स्ट्रोबोस्कोपी होते तिथे जा, त्यात स्वरतंतू हलताना दिसतात आणि ते नीट मिटतात की नाही ते कळतं. तू गाणारी आहेस हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग. या महिन्यात जा, परीक्षा संपल्यावर वगैरे नाही.

एवढी मागे का लागलेय ते सांगते. मी सव्वीस वर्षांची असताना एका शाळेत शिकवत होते, नाव नको, आठवड्याला तीसच्या वर पिरियड, पन्नास-पन्नास मुलांचे वर्ग, पंखे खडखडणारे, आणि मी प्रत्येक गाणं स्वतः म्हणून दाखवायचे कारण मला वाटायचं चांगली टीचर असंच करते. वरचा ए जायला लागला तेव्हा मी जास्त रियाज केला. आवाज मागे पडतोय म्हटल्यावर तो ओढून पुढे आणायचा, एवढीच अक्कल होती तेव्हा. शेवटी तपासलं तर दोन्ही स्वरतंतूंवर गाठी. ऑपरेशन लागलं नाही, पण सहा आठवडे गाणं पूर्ण बंद आणि मग कित्येक महिने स्पीच थेरपी, बोलायचं कसं इथपासून सुरुवात. तो वरचा ए परत भरवशाने लागायला वर्ष गेलं. चार महिने आधी गेले असते तर कदाचित नुसत्या विश्रांतीवर भागलं असतं. तुला गाठीच असतील असं मी म्हणत नाहीये, आम्लपित्तानेसुद्धा सकाळचा आवाज घोगरा होतो, लग्नाच्या मिस्सानंतर रात्री अकराला जेवून झोपत असशील तर तेही असू शकतं. पण ते मी इथे बसून नाही सांगू शकत आणि तुझ्या मॅडमही नुसत्या ऐकून नाही सांगू शकणार.

आता हिशेब. तुझ्याच पत्रातले आकडे घेतले. २८ पिरियड, ३५ मिनिटांचा एक धर, म्हणजे १६ तास २० मिनिटं. घरची पाच मुलं, आठवड्यातून दोनदा पाऊण तास, साडेसात तास. शनिवारच्या दोन मिस्सा प्रॅक्टिस धरून तीन तास, कॉयरचे दोन. झाले जवळपास २९ तास, आणि यात विरार लोकलमध्ये मैत्रिणींशी गाडीच्या आवाजावर आवाज चढवून मारलेल्या गप्पा धरलेल्याच नाहीत, त्या गळ्याला वर्गाइतक्याच महाग पडतात. या सगळ्यानंतर रात्री तू सोप्रानो म्हणून उभी राहतेस आणि वरचा सी मागतेस. तुला माहितीये का त्या सुराला स्वरतंतू सेकंदाला १०४६ वेळा उघडमिट करतात? दिवसभर बडबड करून सुजलेल्या तंतूंकडून हे कसं होणार गं. वरचे सूर आधी जातात कारण तिथे तंतू ताणून पातळ व्हावे लागतात, सुजलेला तंतू पातळ होत नाही, बस एवढंच कारण आहे, तुझं टॅलेंट कुठे गेलेलं नाही.

म्हणजे तुझी भांडणं शिकवणं आणि गाणं यांच्यात नाहीतच. भांडण आहे ते गळ्याच्या तासांचं. दिवसाला मिळतात ते मोजके तास, ते तू कुणाला देतेस.

इथे मला अमेरिकन सोप्रानो लिओन्टीन प्राइस आठवते. जन्म १९२७, अमेरिकेत मिसिसिपीमधलं लॉरेल गाव, वडील लाकडाच्या गिरणीत कामाला, आई सुईण आणि चर्चच्या कॉयरमध्ये गाणारी. काळ्या मुलीने ऑपेरात जायचं हे त्या काळात कुणी बोलायचंसुद्धा नाही, म्हणून ती ओहायोत विल्बरफोर्स कॉलेजला गेली ती म्युझिक टीचर व्हायला, अगदी तुझ्यासारखं, पोटापाण्याचं आधी. तिथे तिचा आवाज ऐकून लोकांनी तिला गाण्याकडे वळवलं, १९४८ ला पदवी घेऊन ती न्यूयॉर्कला ज्युलियार्ड या संगीतशाळेत गेली, त्यासाठी गायक पॉल रोबसनने एक मदतीचा कार्यक्रम केला आणि लॉरेलच्याच चिझम कुटुंबाने पैसे उभे केले. तिच्या गुरू फ्लॉरेन्स पेज किंबॉल. त्या तिला सांगायच्या की आवाजाच्या व्याजावर गा, मुद्दलाला हात लावू नकोस. बँकेत काम करणाऱ्या कुठल्याही वसईकराला पटेल असं बोलणं आहे हे! तिने ते इतकं पाळलं की १९६१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ती चौतिशीला टेकली होती, शेवटी लोक ४२ मिनिटं टाळ्या वाजवत होते असं सांगतात, आणि त्याच स्टेजचा निरोप घेतला तो १९८५ ला, ५७ व्या वर्षी, आयडा या ऑपेरातलं एवढं मोठं काम गाऊन. तू सध्या रोज मुद्दल मोडतेयस आणि ते मोडतेयस "सा रे ग म" च्या जागी "दो रे मी" शिकवताना सहावीच्या वर्गावर ओरडण्यात.

शिकवणं सोडू नकोस, शिकवण्याची पद्धत बदल. वर्गात गाऊन दाखवणं निम्म्यावर आण, कीबोर्डवर सूर दे, मुलांकडून म्हणवून घे आणि तू ऐक. खरं सांगू, टीचर गात असली की तिला मुलांच्या चुका ऐकूच येत नाहीत, त्यामुळे मुलांचंही यात नुकसान नाही. वर्ग गप्प करायला टाळीचा ठेका वापर, ओरडू नको. कमरेला बांधायचा छोटा माईक-स्पीकर मिळतो, कोचिंग क्लासचे सर लोक वापरतात तो, शाळेत घेऊन जा, लाजायचं काही कारण नाही. शाळेतली गाणी बहुतेक खाली लावलेली असतात आणि तू दिवसभर छातीच्या आवाजात मुलांबरोबर गात असशील, ती एक-दोन सूर वर घे, मुलांचे आवाज मुळात वरच असतात, त्यांनाही बरं आणि तुलाही. मध्ये पाच मिनिटं मिळाली की स्ट्रॉमधून हलकं "ऊ" करत खालून वर जा-ये कर, याने तंतू सैल होतात. कुजबुजून बोलू नकोस, लोकांना वाटतं त्याने आराम मिळतो, पुष्कळांचा गळा त्याने उलट जास्त आवळतो. आणि स्वतःचा रियाज रात्री नाही, सकाळी शाळेच्या आधी, चाळीस मिनिटं असली तरी ताज्या गळ्याची चाळीस मिनिटं. घरची पाचाची तीन मुलं कर. पैसे कमी होतील मला माहितीये, शक्य असेल तर राहिलेल्या तिघांची फी थोडी वाढव, आणि शनिवारच्या दोन मिस्सांपैकी एक कुणा मैत्रिणीला दे.

हे डॉक्टरांच्या रिपोर्टनंतरचं आहे हां. त्यांनी गाणं बंद म्हटलं तर बंद, आणि शाळेला तसं लेखी दे.

टॉस्काचं काय ते सांगते. नाही. तुझ्या मैत्रिणींना वाटतं त्यात वरचा सूर मोठा आहे म्हणून अवघड, तो सूर म्हणजे वरच्या सप्तकातली काळी पाच, तो तुला कदाचित आत्ताही लागेल. अडचण खाली-मध्ये आहे. टॉस्काचा संगीतकार पुचिनी, त्याचा वाद्यवृंद जाड असतो, त्याच्यावरून माईकशिवाय मधल्या सप्तकातून आवाज न्यायचा म्हणजे जो भार लागतो तो चोवीसच्या आवाजात बहुधा नसतोच, मग मुली तो जबड्यातून आणि मानेतून काढतात. पियानोवर स्पर्धेत गाताना हे कळत नाही, टाळ्याही मिळतात, आणि सवय लागते ती लागतेच. प्राइसने टॉस्का गायली ती १९५५ ला टीव्हीवर, ती काळी म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काही स्टेशनांनी कार्यक्रमच दाखवला नाही, पण तेव्हाही ती अठ्ठाविशीला आलेली, आणि ज्युलियार्डला पाय ठेवून सहा वर्षं उलटलेली. तू मोझार्ट गा, हँडल गा, पर्सेल गा. मोझार्टमध्ये काहीच लपत नाही म्हणून पोरी त्याला घाबरतात, पण चांगला जज पहिल्या आठ मापांत ओळखतो की हिला श्वास धरता येतो की नाही, त्याला काळ्या पाचाची गरज नसते.

दुसरं म्हणजे तुझा आवाज नेमका कुठल्या जातीचा सोप्रानो आहे हे अजून ठरायचंय आणि ते ठरायला वेळ लागू दे. आपल्याकडे बाई गायला बसली की काळी चार, काळी पाच ठरते आणि जन्मभर तीच पट्टी. सोप्रानोचं तसं नाही, मधल्या पांढरी एकपासून वर दोन सप्तकं सगळ्यांचीच साधारण असतात, फरक पडतो तो वजनाचा, कुणाचा आवाज चपळ आणि पातळ, कुणाचा मऊ भरलेला, कुणाचा मोठा जड. हलका असेल तर वाईट वाटून घेऊ नकोस. एमा कर्कबी ऑक्सफर्डला लॅटिन-ग्रीक शिकली, नंतर शाळेत शिकवत होती, गायिका व्हायचं तिच्या डोक्यात नव्हतं, हौशी कॉयरमध्ये गायची. आवाज छोटा, सरळ, फारसा कंप नसलेला, मोठ्या ऑपेरात तो कुणी घेतला नसता. पण ७० च्या दशकात इंग्लंडात जुनं संगीत त्या काळच्याच वाद्यांवर वाजवायची जी लाट आली, त्या लाटेला तोच आवाज हवा होता, आणि ती त्या संगीताचा आवाजच होऊन बसली. टीचर होती ती. तिचा आवाज कुठे बसतो ते सापडायला तिला वेळ मिळाला कारण दरम्यान पगार चालू होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि रेने फ्लेमिंग, जी आजच्या काळातली सगळ्यात नावाजलेली सोप्रानो, तिचे आई-वडील दोघंही गाणं शिकवणारे, तिची स्वतःची पहिली पदवी म्युझिक एज्युकेशनची. मेटची (मेट्रोपॉलिटन ऑपेराची) मोठी स्पर्धा ती जिंकली तेव्हा २९ वर्षांची होती आणि त्याआधी कितीतरी ऑडिशन्स हातच्या गेल्या होत्या. तुझ्याकडे वेळ आहे.

आता लंडन. जायचं असेल तर जरूर जा, मी अडवणारी नाही, पण पळून म्हणून जाऊ नकोस. तिथल्या बऱ्याचशा कॉन्झर्व्हेटॉयरचे, म्हणजे संगीत महाविद्यालयांचे, अर्ज ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बंद होतात, ते पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरसाठी. बाहेरच्या देशातल्या विद्यार्थ्याला नुसती फी वर्षाला तीस लाखांच्या वर पडते, राहणं-खाणं वेगळं, म्हणून स्कॉलरशिप नसेल तर त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि स्कॉलरशिप ऑडिशनवर मिळते, आणि घोगऱ्या आवाजाने दिलेली ऑडिशन म्हणजे एक वर्ष आणि अर्जाची फी पाण्यात. या वर्षी नको. जर्मनीचाही विचार कर, तिथल्या बहुतेक सरकारी संगीत विद्यापीठांत ट्युशन फी नसते किंवा नावापुरती असते, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो लागतात. मात्र व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो खात्यात दाखवावे लागतात, प्रवेश परीक्षा कडक असते, काही ठिकाणी वयाची अट असते आणि जर्मन भाषा यावी लागते. जर्मन तर तुला तसंही लागणारच, इटालियन पण. आजपासून सुरू कर, त्याला गळा लागत नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर त्या दिवसांत हेच कर, शब्दांचे अर्थ लिहून काढ, रेकॉर्डिंग समोर घेऊन स्वरलिपी वाच, मनात गा.

सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तुला माहीत असेलच, नसेल तर आज ऐक. जन्म मुंबईचा, घराणं गोव्याचं, लंडनला गिल्डहॉल या संगीतशाळेत शिकली. जॉन टॅव्हनरसारख्या संगीतकाराने तिचा आवाज ऐकून तिच्यासाठी कितीतरी रचना लिहिल्या, आर्वो पॅर्टनेही लिहिली. २००१ ला तिला ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ती शिकवते. आणि २००९ पासून ती आणि तिचा पियानिस्ट नवरा मार्क ट्रूप "गिव्हिंग व्हॉइस टू इंडिया" म्हणून इथे येऊन आपल्याकडच्या मुलामुलींना शिकवतात, मुंबईचा ऑस्कर कॅस्टेलिनो, फिजिक्स शिकलेला पोरगा, त्यातूनच पुढे रॉयल कॉलेजला गेला. तुझं पहिलं दार हे आहे. अशी शिबिरं कुठे-कधी आहेत यावर डोळा ठेव, तिथे तुझा आवाज कुणी जाणकार ऐकेल आणि तो लंडनला जायच्या लायक झालाय का ते लंडनला न जाता कळेल. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राची सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, त्यांना मोठ्या कामांसाठी कोरस लागतो, परांज्योतीसारखा जुना कोरस आहे, तिथे ऑडिशन दे. खऱ्या ऑर्केस्ट्रामागे एकदा उभी राहिलीस ना की टॉस्काबद्दल मी काय म्हणतेय ते तुझं तुलाच ऐकू येईल.

डॅडींना दोष देऊ नकोस. त्यांना भीती आहे की पोरगी तिशीला रिकाम्या हाताने बसेल, आणि ही भीती खोटी नाही. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा दोन वर्षांचं बोलणं कर. नोकरी सोडत नाही, पगार येत राहील, बी.एड. दोन वर्षं पुढे ढकलते, ते तिशीतही करता येतं. या दोन वर्षांत आवाज दुरुस्त करते, एक चांगली ऑडिशन तयार करते आणि वेगळं खातं उघडून मिस्सांचे पैसे त्यात टाकते. दोन वर्षांनी एकत्र बसून बघू. बापाला आकडे आणि तारीख दिली की तो ऐकतो, निदान माझ्या अनुभवात तरी ऐकतो. शाळेकडेही २८ चे २० पिरियड मागून बघ, अर्धवेळ पगारावर का होईना.

आणि "किंचाळणं" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस, गळ्याचे तास त्यांच्यावर घालवू नकोस. पण तुझ्या स्वतःच्या मनात ते रुतलेलं असेल तर एवढं ऐक. वसईत पोर्तुगीज १५३४ ला आले आणि १७३९ ला चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, त्यामधली दोनशे वर्षं आपल्या देवळांत, म्हणजे चर्चमध्ये, हे सूर घुमले आणि नंतरही थांबले नाहीत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी पिढ्यान् पिढ्या पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवली, त्याच पोरांनी पुढे मुंबईत येऊन हिंदी सिनेमाची ऑर्केस्ट्रा उभी केली, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही माणसं कुठून आली असं वाटतं लोकांना? १९११ चं गिरगावातलं रॉयल ऑपेरा हाऊस इतकी वर्षं बंद राहून २०१६ ला परत उघडलं तेव्हा तिथे सुरुवातीलाच गायली ती रोझारिओच. हॉल भरलेला होता. तू परक्याचं काही गात नाहीयेस, तुझ्या आजीच्या कॉयरमधलंच पुढे नेतेयस, फक्त माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा तयारीने.

डॉक्टरांची वेळ उद्या सकाळी घे, शाळेत जायच्या आधी फोन कर. रिपोर्ट आला की मला कळव, आणि स्पर्धेची तारीख किती लांब आहे तेही लिही, डॉक्टरांनी परवानगी दिली तर आपण मिळून मोझार्टचं काहीतरी निवडू. नाही दिली तर या वर्षीची स्पर्धा सोड, आणि त्या दिवशी प्रेक्षकांत बसून बाकीच्या मुली श्वास कुठे घेतात ते वहीत लिहून घे.